पुतळा कोणाचा उभारायचा? वॉशिंग्टनमधल्या मूलनिवासी माजी सैनिकांच्या स्मारकाचं प्रकरण

वॉशिंग्टनमध्ये, कॅपिटॉलच्या म्हणजे अमेरिकी संसदभवनाच्या घुमटासमोर, राष्ट्रीय अमेरिकी इंडियन संग्रहालयाच्या आवारात स्टेनलेस स्टीलचं एक उभं वर्तुळ आहे. बारा फूट व्यासाचं. त्यावर कोणाचा चेहरा नाही आणि नावही नाही. अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींमधून सैन्यात गेलेल्या सगळ्यांचं हे राष्ट्रीय स्मारक. त्याचा कायदा १९९४ साली झाला आणि वर्तुळ लोकांसमोर आलं २०२० साली. मधल्या २६ वर्षांत काय अडलं, कोणते निर्णय कोणत्या टप्प्यावर झाले आणि त्यांतले कोणते कामी आले, याची ही नोंद. सार्वजनिक पदांवरच्या माणसांची आणि शिल्पकाराची नावं दिली आहेत. सल्लामसलतीत बोललेले माजी सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांची ओळख मुद्दाम दिलेली नाही.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात सुमारे १२,००० मूलनिवासी अमेरिकेच्या बाजूने लढले. त्यांतले बरेचजण त्या वेळी अमेरिकेचे नागरिकही नव्हते. सगळ्या मूलनिवासींना नागरिकत्व मिळालं ते १९२४ साली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ४४,००० जण गेले, तेही एकूण लोकसंख्या उणीपुरी साडेतीन लाख असताना. परत आल्यावर अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोत त्यांना मत देता येत नव्हतं. इस्लेटा प्वेब्लो या मूलनिवासी गावचे मिगेल त्रुहियो हे शिक्षक, युद्धात मरीन कोअरमध्ये होते. मतदार म्हणून नोंद नाकारली तेव्हा ते कोर्टात गेले आणि १९४८ साली जिंकले. त्याच वर्षी अ‍ॅरिझोनातही असाच निकाल लागला.

याच्या मागे आणखी जुनी जखम आहे. डिसेंबर १८९० मध्ये वूंडेड नी इथे अमेरिकी सैन्याने लाकोटा या मूलनिवासी लोकांची कत्तल केली. मेलेल्यांत बायका-मुलं मोठ्या संख्येने होती. त्या दिवसासाठी सैनिकांना सर्वोच्च पदकं दिली गेली. मग त्याच सैन्यात या लोकांची नातवंडं का गेली? एक उत्तर नाही. कोणी आपल्या जमिनीसाठी गेलं, कोणी पूर्वजांनी केलेल्या तहाचा शब्द पाळण्यासाठी, कोणी योद्ध्याच्या परंपरेसाठी, तर कोणी निव्वळ पगारासाठी. स्मारकाचा विचार करणाऱ्यांना ही सगळी उत्तरं एकाच जागी सामावायची होती. सरळ ‘देशासाठी बलिदान’ असं कोरून भागण्यासारखं नव्हतं.

सन्मान अजिबात झाला नव्हता असंही नाही. तो तुकड्यातुकड्यांनी होत आला. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकेचा झेंडा उभारणाऱ्यांत पिमा जमातीचे आयरा हेझ होते. त्या क्षणाच्या छायाचित्रावरून घडवलेल्या भल्यामोठ्या स्मारकाचं नोव्हेंबर १९५४ मध्ये अनावरण झालं. जानेवारी १९५५ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, हेझ आपल्या जमातीसाठी राखलेल्या आरक्षित प्रदेशात मृतावस्थेत सापडले. नावाहो जमातीच्या भाषेवर बेतलेली सांकेतिक भाषा पॅसिफिकमधल्या लढायांत वापरणाऱ्यांना १९६८पर्यंत तोंड उघडायची परवानगी नव्हती. त्यांच्यातल्या पहिल्या २९ जणांना सुवर्णपदकं मिळाली ती जुलै २००१ मध्ये, आणि तोवर हयात उरले होते अवघे पाच. हेच काम इतर जमातींच्या सैनिकांनीही केलं होतं. पहिल्या महायुद्धात चॉक्टॉ सैनिकांनी तर फ्रान्समध्ये फोनवर. या इतर जमातींसाठी २००८ साली वेगळा कायदा करावा लागला आणि समारंभ झाला २०१३ साली. अलास्कात १९४२पासून हजारो स्थानिकांनी बिनपगारी किनारा राखला. त्यांना ‘माजी सैनिक’ हा दर्जा देणारा कायदा २०००चा.

हे सगळं राजधानीतलं. घरी चित्र वेगळं होतं. मैदानी प्रदेशातल्या जमातींच्या पाववावमध्ये, म्हणजे नाच-गाण्याच्या मोठ्या मेळाव्यात, रिंगणात पहिलं पाऊल माजी सैनिकांचं पडतं. गरुडपिसांची काठी आणि झेंडे त्यांच्या हातात असतात, त्यांच्यासाठी मानाची गाणी म्हटली जातात आणि सगळे उठून उभे राहतात. लढाईहून आलेल्याला शुद्ध करून समाजात परत घेण्याचे विधी अनेक जमातींत आहेत. म्हणजे मान कसा द्यायचा हे या समाजांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. या प्रकरणात पुढे जे बरं झालं, ते हे ओळखल्यामुळे झालं असं माझं मत आहे.

अडचण

व्हिएतनाम युद्धात सुमारे ४२,००० मूलनिवासी होते आणि त्यांतले बहुतेक स्वखुशीने भरती झालेले. पण व्हिएतनाम स्मारकाजवळ १९८४ साली जे तीन सैनिकांचं शिल्प बसवलं, त्यात एक गोरा, एक कृष्णवर्णीय आणि एक लॅटिनो असे चेहरे ओळखले जातात. मूलनिवासी चेहरा त्यात नाही. राजधानीत आपली स्वतःची जागा हवी ही मागणी वाढत गेली आणि १९९४ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, स्मारकाचा कायदा केला.

कायदा झाला, पण त्यात तीन गाठी होत्या. पहिली जागेची: स्मारक संग्रहालयाच्या इमारतीच्या आत हवं. ती इमारतच तेव्हा उभी नव्हती. तिचं उद्घाटन सप्टेंबर २००४ मध्ये झालं. दुसरी पैशाची: सरकारी तिजोरीतून एक पैसाही मिळणार नाही. तिसरी जबाबदारीची: निधी उभारण्याचं काम नॅशनल काँग्रेस ऑफ अमेरिकन इंडियन्स या जमातींच्या संघटनेवर, आणि संग्रहालयाला त्यात हातभार लावायची मुभा नाही. ज्या संघटनेचे दिवस जमिनीच्या, पाण्याच्या आणि आरोग्याच्या प्रश्नांवर भांडण्यात जातात, तिने करोडो डॉलर गोळा करून दुसऱ्याच्या घरात स्मारक बांधावं, अशी ही व्यवस्था. सन्मानाचा ठराव करायचा आणि खर्चाच्या रकान्यात शून्य लिहायचं, ही रीत आपल्यालाही अनोळखी नाही.

परिणाम अपेक्षितच होता. जवळजवळ वीस वर्षं काहीही हललं नाही.

आणि या सगळ्याच्या तळाशी खरा पेच होता: स्मारकात दाखवायचं कोणाला? अमेरिकेत सरकारमान्य जमातीच ५७०हून अधिक आहेत. त्यांत अलास्कातल्या स्थानिकांच्याही आल्या. शिवाय हवाईचे मूलनिवासी. भाषा वेगळ्या, पोशाख वेगळे, युद्धाविषयीच्या धारणाही वेगळ्या. पिसांचा टोप घातलेला योद्धा घडवला तर तो मैदानी प्रदेशातल्या काही जमातींचा झाला. प्वेब्लो किंवा हवाईच्या माणसाला त्यात स्वतःचं काय दिसणार?

समोरचे पर्याय

जागेबाबत तीन वाटा होत्या. कायद्याप्रमाणे इमारतीच्या आत एखादं दालन किंवा फलक करून मोकळं होणं, ही सर्वांत सोपी आणि सर्वांत स्वस्त. पण मग स्मारक संग्रहालयाच्या वेळापत्रकावर चालणार. सुरक्षा तपासणीतून आत जायचं, संध्याकाळी दार बंद. आत अग्नी पेटवणं तर दूरच. दुसरी वाट नॅशनल मॉलवर, म्हणजे राजधानीतल्या स्मारकांच्या लांबलचक मोकळ्या पट्ट्यावर, स्वतंत्र जागा मागण्याची. ती २००३ सालीच जवळपास बंद झाली होती, कारण मॉलचा मधला पट्टा आता पूर्ण झाला आहे, तिथे नवी स्मारकं नकोत, असं काँग्रेसनेच ठरवलं होतं. तिसरी वाट संग्रहालयाच्या आवारात, पण उघड्यावर. त्यासाठी मूळ कायदा बदलावा लागणार होता.

रूपाबाबतही पर्याय होते. एक सैनिक किंवा सैनिकांचा गट दाखवणारं कांस्यशिल्प, हा राजधानीतला रूढ मार्ग. पाहणाऱ्याला लगेच कळतं, फोटोत उठून दिसतं, देणगीदारालाही पटतं. दुसरा मार्ग नावांच्या भिंतीचा. व्हिएतनाम स्मारकाने तो किती परिणामकारक असतो हे दाखवलं होतं. पण तिथे एका युद्धातले मृत आणि बेपत्ता होते. इथे स्वातंत्र्ययुद्धापासूनची सगळी युद्धं, जिवंत आणि मेलेले सगळे, आणि जुन्या काळच्या नोंदींत माणूस मूलनिवासी होता की नाही हेच कित्येकदा लिहिलेलं नाही. तिसरा मार्ग कोणालाच न दाखवण्याचा.

मराठी वाचकाला इथे वीरगळ आठवेल. आपल्याकडच्या वीरगळात एक वीर असतो. खालच्या चौकटीत तो लढतो, मग अप्सरा त्याला वर नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसतो. गावाला तो माणूस ठाऊक असतो, म्हणून दगडावर नाव नसलं तरी चालतं. राजधानीतल्या स्मारकाकडे असं गाव नव्हतं. पाहणारे येणार जगभरातून, आणि ज्यांच्यासाठी ते बांधायचं ते शेकडो गावांतून.

निर्णयाचा आणखी एक प्रश्न होता: घडवणार कोण? स्पर्धा फक्त मूलनिवासी कलावंतांसाठी ठेवायची की सगळ्यांना खुली? आपल्या सन्मानाचं रूप परक्याने ठरवावं का, ही शंका रास्त होती. उलट बाजूने, मोजक्याच प्रवेशिका आल्या तर निवडीला वजन राहणार नाही, हेही खरं होतं.

काय केलं

डिसेंबर २०१३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. स्मारक संग्रहालयाच्या आवारात बाहेर बांधता येईल आणि संग्रहालयही निधी उभारू शकेल, असं ठरलं. सरकारी पैसा मात्र तरीही नाही. छोटीशी वाटणारी ही दुरुस्ती या प्रकरणातलं सगळ्यात मोठं वळण आहे. त्याआधीची वीस वर्षं हेतू कमी होता म्हणून वाया गेली नाहीत. जबाबदारी एकाकडे, जागा दुसऱ्याकडे आणि पैसा कोणाकडेच नाही, अशी मांडणी होती म्हणून गेली.

संग्रहालयाचे तेव्हाचे संचालक केव्हिन गोव्हर स्वतः पॉनी जमातीचे. त्यांनी चित्रकाराला किंवा वास्तुरचनाकाराला बोलावण्याआधी सल्लागार समिती नेमली. तिचं नेतृत्व दोन माजी सैनिकांकडे होतं: कोरियन युद्धात गेलेले, उत्तर शायान जमातीचे माजी सिनेटर बेन नाइटहॉर्स कॅम्पबेल, आणि चिकसॉ नेशन या जमातीच्या सरकारचे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर जेफरसन कील, जे व्हिएतनाममध्ये लढले होते. समिती आणि संग्रहालयाची माणसं २०१५ ते २०१७ या काळात देशभर फिरली. ३५ बैठका झाल्या, सुमारे १,२०० लोक त्यांत आले.

बैठकांतून निघालेल्या मागण्या वाचल्या की जाणवतं, लोकांनी ‘कसं दिसावं’ यापेक्षा ‘तिथे काय करता यावं’ हे जास्त सांगितलं. सगळ्या जमाती, सगळी युद्धं, सैन्याच्या सगळ्या शाखा त्यात याव्यात. बायका याव्यात. (इराकमध्ये मार्च २००३ मध्ये मारल्या गेलेल्या होपी जमातीच्या लोरी पिएस्टेवा यांची आठवण ताजी होती.) मागे घर सांभाळणाऱ्या कुटुंबांचीही दखल हवी. प्रार्थना करता यावी, मन हलकं करता यावं. आणि म्हाताऱ्या माणसांना तिथपर्यंत सहज पोचता यावं. ही शेवटची मागणी एखाद्या स्मारक समितीच्या कागदावर आपणहून उमटली असती असं मला वाटत नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये खुली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर झाली. कलावंत कोणत्याही देशाचा, कोणत्याही वंशाचा चालेल. पण त्याच्या हातात बैठकांतून निघालेल्या या अपेक्षा असतील. शंभराहून जास्त प्रवेशिका आल्या आणि पाच निवडल्या. या पाचांत एक माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूलनिवासींपैकी, शिल्पकार होता, एक व्हिएतनामी-अमेरिकी कलावंतही होता. जून २०१८ मध्ये निवड झाली हार्वी प्रॅट यांच्या कल्पनेची. प्रॅट ओक्लाहोमाच्या शायान आणि अरापाहो जमातींचे, व्हिएतनाममध्ये मरीन म्हणून गेलेले, आणि पुढे कित्येक दशकं पोलीस तपासासाठी संशयितांचे चेहरे रेखाटणारे. आयुष्यभर चेहरे काढलेल्या माणसाने स्मारकात एकही चेहरा ठेवला नाही.

त्यांच्या रचनेत कोरीव दगडी ढोलावर ते स्टीलचं वर्तुळ उभं आहे. ढोलाच्या मध्यातून पाणी झिरपतं. समारंभाच्या दिवशी वर्तुळाच्या तळाशी अग्नी पेटवता येतो. भोवती बसायला दगडी बाक, आणि चार भाले, त्यांवर कांस्याची गरुडपिसं. या भाल्यांना येणाऱ्याने आपल्या प्रार्थनेचं फडकं बांधायचं. पाणी, अग्नी, वारा, माती, चार दिशा आणि वर्तुळ यांपैकी काही ना काही जवळजवळ प्रत्येक जमातीच्या विधींत सापडतं, आणि कोणा एका जमातीची त्यावर मालकी नाही. कोणाला दाखवायचं हा पेच असा सुटला.

निधी सुमारे दीड कोटी डॉलरचा लागला. सुरुवातीच्या मोठ्या देणगीदारांत खुद्द चिकसॉ नेशन होतं. म्हणजे ज्यांचा सन्मान करायचा, त्यांच्याच खिशातून बराच पैसा आला, हे नोंदवून ठेवायला हवं. भूमिपूजन सप्टेंबर २०१९ मध्ये झालं.

शेवटचा निर्णय परिस्थितीने लादला. उद्घाटन ठरलं होतं ११ नोव्हेंबर २०२०ला, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक दिनी, आणि तोवर करोना आला. मूलनिवासी वस्त्यांना त्याचा फटका फार जबर बसला होता. ज्यांना बोलवायचं ते बहुतेक वयस्क. पर्याय दोन होते: वर्तुळ झाकून ठेवून पुढच्या वर्षाची वाट पाहायची, किंवा ठरल्या दिवशी खुलं करायचं आणि सोहळा मागाहून. संग्रहालयाने दुसरा निवडला. उद्घाटन ऑनलाइन झालं आणि स्मारक त्याच दिवशी लोकांना खुलं झालं.

निष्पत्ती

मोठा सोहळा दोन वर्षांनी, ११ नोव्हेंबर २०२२ला झाला. दीड हजाराहून अधिक मूलनिवासी माजी सैनिक मॉलवरून संचलन करत स्मारकापाशी आले. कोणी गणवेशात, कोणी जमातीच्या पोशाखात, कोणी दोन्ही एकत्र, कोणी चाकाच्या खुर्चीवर. पुढे झेंडे आणि गरुडकाठ्या. पाववावच्या रिंगणात जसा प्रवेश होतो तसाच, फक्त रिंगण या वेळी काँग्रेसच्या दारात होतं.

भाल्यांना फडकी बांधलेली असतात. हे मला स्मारकाच्या यशाचं सगळ्यात भरवशाचं माप वाटतं, कारण फडकं बांधायला आयोजक लागत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी किंमत वेळेची आहे. १९९४ साली दुसऱ्या महायुद्धातले सैनिक सत्तरीच्या आसपास होते. नावाहो सांकेतिक भाषेवाल्या पहिल्या २९ जणांपैकी शेवटचे, चेस्टर नेझ, जून २०१४ मध्ये गेले. तोवर कायद्यातली दुरुस्ती होऊन पाच महिने झाले होते आणि पहिली बैठकही भरायची होती. पहिल्याच कायद्यात जागा बाहेर दिली असती, संग्रहालयाला निधीची मुभा दिली असती आणि सरकारने सुरुवातीपुरती रक्कम टाकली असती, तर त्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी हे डोळ्यांनी पाहिलं असतं. सल्लामसलतीला लागलेली दोन वर्षं मात्र मी वाया गेलेली धरणार नाही. उशीर तिथे झाला नाही. घाई करून बैठका गाळल्या असत्या तर बहुधा आज तिथे पिसांच्या टोपातला एक कांस्ययोद्धा उभा असता.

नावांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, बाजूला ठेवला गेला आहे. चेहरा नसल्यामुळे सगळ्यांना जागा झाली, पण एखादी नात आजोबांचं नाव शोधत आली तर वर्तुळ तिला काही सांगत नाही. स्मारकाच्या बरोबरीने जमातींनी स्वतः भरलेली नावांची वही सुरुवातीपासून ठेवता आली असती. ती अपुरीच राहिली असती, हे मान्य. पण अपुऱ्या वहीत भर घालता येते.

खुल्या स्पर्धेचा निर्णय या वेळी निभावला, कारण निवडलेला माणूस जमातीतलाही होता आणि सैनिकही. वेगळा कोणी जिंकला असता तर त्याच निर्णयावर वर्षभर वाद झाला असता असं मला वाटतं. अशा कामात स्पर्धा खुली ठेवायची तर बाहेरच्या कलावंताला समाजातल्या माणसासोबतच प्रवेश घेण्याची अट घालणं सुरक्षित ठरेल.

आणि स्मारकाच्या कक्षेबाहेरचा, पण त्याच्याशी जोडलेला एक मुद्दा. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी हमीवर माजी सैनिकांना घरासाठी कर्ज मिळू लागलं. त्यातून लाखो अमेरिकी कुटुंबांची घरं झाली. आरक्षित प्रदेशातली बरीच जमीन सरकार विश्वस्त म्हणून धरून ठेवतं, त्यामुळे ती बँकेकडे गहाण टाकता येत नाही. परिणामी तिथल्या माजी सैनिकांना ही सवलत जवळजवळ निरुपयोगी होती. त्यांच्यासाठी थेट सरकारी कर्जाची वेगळी योजना आली १९९२ साली, तीही आधी प्रायोगिक, आणि कायम झाली २००६ मध्ये. माजी सैनिकांच्या दवाखान्यांत मूलनिवासींकडून उपचारांच्या खर्चाचा वाटा न घेण्याचा कायदा जानेवारी २०२१चा आहे, म्हणजे स्मारक खुलं झाल्यानंतर दोन महिन्यांनी. देशभर ३५ बैठका घ्यायच्याच होत्या, माजी सैनिक शेकड्यांनी समोर बसलेच होते, तर त्याच खोलीत एका टेबलावर माजी सैनिक खात्याचा अधिकारी बसवून कर्जाचे आणि निवृत्तिवेतनाचे अर्ज भरून घेता आले असते. त्याला वेगळा कायदा लागला नसता.